थायरॉइड काढल्यावर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या मुंग्या

थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गळ्यावर व्रण दिसेल का, आवाज जाईल का, गोळी जन्मभर घ्यावी लागेल का. कॅल्शियमबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पूर्ण थायरॉइड काढल्यावर सगळ्यात जास्त वेळा होणारा त्रास मात्र कॅल्शियमचाच असतो. दर चार-पाच पेशंटमागे साधारण एकाचं कॅल्शियम काही काळापुरतं उतरतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जागेवर येतं. अनुभवी सर्जनच्या हातूनसुद्धा शंभरात एक ते तीन जणांचा हा प्रश्न कायमचा होऊन बसतो.

खरी पंचाईत वेळापत्रकाची आहे. सोमवारी ऑपरेशन झालं तर पेशंट मंगळवारी-बुधवारी घरी जातो. कॅल्शियम तळ गाठतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे पेशंट घरी, सोफ्यावर, पाहुण्यांच्या गराड्यात असताना. पुण्यात ऑपरेशन झालेला पेशंट पुण्याचाच असतो असंही नाही. जुन्नर, भोर, इंदापूर, पार सोलापूर-साताऱ्याहून माणसं इथे येतात. सदाशिव पेठेतल्या काकूंना रात्री अकराला हातात गोळे आले तर रिक्षाने दहा मिनिटांत इमर्जन्सी गाठता येते. नारायणगावच्या काकूंच्या वाट्याला नाशिक हायवे आणि चाकणचं ट्रॅफिक येतं. म्हणून कुणाचं कॅल्शियम उतरणार हे डिस्चार्जच्या कागदावर सही होण्याआधी ओळखायला हवं. या सगळ्या खटाटोपाचा मुद्दा एवढाच.

आधी शरीररचना थोडक्यात. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटून साधारण चार छोट्या ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. एकेक जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम, रंग पिवळट-तपकिरी. आजूबाजूच्या चरबीचा रंगही तसाच असतो, त्यामुळे सर्जनला त्या शोधून काढाव्या लागतात. वरच्या दोन बहुधा ठरल्या जागी सापडतात; खालच्या दोन कधी थायरॉइडलगत, कधी पार छातीच्या तोंडाशी. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक, आणि त्या येतात थायरॉइडच्या धमनीतूनच. थायरॉइड काढायची आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या या चौघींचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायचा, ही या ऑपरेशनमधली खरी कसरत.

या ग्रंथी माणसाला फार उशिरा सापडल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला, त्याची चिरफाड करताना रिचर्ड ओवेन यांना त्या दिसल्या. त्यांनी ते 1850मध्ये मांडलं. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन 1880मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं. तोवर युरोपात थायरॉइडची ऑपरेशनं धडाक्यात सुरू झाली होती, आणि व्हिएन्नातल्या काही पेशंटना नंतर हातपाय आखडण्याचे झटके येत होते. का, ते कुणालाच कळत नव्हतं. थायरॉइडवरच्या कामासाठी थिओडोर कोखर या स्विस सर्जनना 1909चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅककॅलम आणि फोग्टलिन या दोघांनी दाखवून दिलं, की पॅराथायरॉइड काढल्यावर येणारे हे झटके कॅल्शियम दिल्यावर थांबतात.

पॅराथायरॉइडमधून पीटीएच नावाचं संप्रेरक सुटतं. रक्तातलं कॅल्शियम जरा कमी झालं की ते वाढतं आणि तीन ठिकाणी काम करतं. हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. मूत्रपिंडातून वाहून जाणारं कॅल्शियम अडवतं. आणि मूत्रपिंडातच व्हिटॅमिन डीला त्याचं कामाचं रूप देतं, ज्यामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम शोषतं. यातलं तिसरं काम लक्षात ठेवा, औषधांच्या वेळी त्याच्याशी गाठ पडणार आहे.

ऑपरेशनमध्ये या ग्रंथींना धक्का लागला, त्या सुजल्या, रक्त कमी पडलं किंवा एखादी नकळत थायरॉइडबरोबर निघाली, तर पीटीएच उतरतं. ते रक्तात टिकतं जेमतेम काही मिनिटं. दर दोन-चार मिनिटांनी निम्मं होतं. कॅल्शियम मात्र लगेच उतरत नाही. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा काय होतं ते आठवा: महापालिका सकाळीच व्हॉल्व्ह बंद करते, पण गच्चीवरची टाकी भरलेली असल्याने घरातला नळ संध्याकाळपर्यंत चालू राहतो. नळाकडे बघून पाणी आहे म्हणणाऱ्याला रात्री भांडी तशीच ठेवावी लागतात. ऑपरेशनच्या संध्याकाळचं कॅल्शियम म्हणजे तो नळ, आणि पीटीएच म्हणजे महापालिकेची लाइन.

म्हणून ऑपरेशननंतर काही तासांत पीटीएच तपासतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने 2018मध्ये दिलेल्या सल्ल्याचा सारांश असा: ऑपरेशन संपल्यावर वीस मिनिटांनी किंवा त्यानंतर घेतलेल्या रक्तात पीटीएच 15 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढे कॅल्शियम वरचेवर तपासत बसायची गरज सहसा पडत नाही. 10च्या खाली असेल तर सावध व्हायचं आणि गोळ्या लगेच सुरू करायच्या. मधल्यांचा निर्णय बाकीच्या गोष्टी बघून होतो. काही ठिकाणी ऑपरेशनआधीचं आणि नंतरचं पीटीएच शेजारी ठेवून किती टक्के घसरलं ते बघतात. प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं, त्यामुळे ही रेघ प्रत्येक हॉस्पिटल थोडी पुढेमागे मारतं. शेजारणीच्या रिपोर्टशी आपला आकडा ताडून बघण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या बायका थायरॉइडच्या ओपीडीत भरपूर असतात. बायोटिन जास्त प्रमाणात घेतलं असेल तर काही मशिनांवर पीटीएच खोटंच कमी दिसतं. ही गोळी औषध म्हणून कुणी मोजत नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायची राहून जाते. सांगा, आणि तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची तेही विचारून घ्या.

पीटीएच करता आलं नाही तर? लहान गावात किंवा खर्चाच्या अडचणीत हे होतं. मग कॅल्शियमच दोनदा तपासायचं, उदाहरणार्थ ऑपरेशनच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला कल जास्त बोलतो. 8.6 वरून 8.7 झालं तर दिलासा, 9.0 वरून 8.3 झालं तर आकडा अजून फार वाईट नसला तरी पेशंटला घरी सोडायची घाई नको. कॅल्शियमची नेहमीची पातळी साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. सलाइन चढल्याने आणि अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) उतरल्याने कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर एकूण कॅल्शियम जरासं कमी दिसतंच. अल्ब्युमिन 4च्या खाली जितकं, त्याच्या 0.8 पट कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम 8.0 आणि अल्ब्युमिन 3.0 असेल, तर हिशेबाचं कॅल्शियम 8.8 येतं, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. शंका राहिलीच तर आयोनाइज्ड कॅल्शियम करतात, ते थेट कामाचं कॅल्शियम मोजतं.

धोका कुणाला जास्त, हे बरंचसं ऑपरेशनआधीच सांगता येतं. अर्धीच थायरॉइड काढायची असेल तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथींना हात लागत नाही, आणि त्या एकट्या सगळं निभावून नेतात. अशांनी या लेखाची फार चिंता करू नये. कॅन्सरसाठी पूर्ण थायरॉइडबरोबर गळ्याच्या मधल्या भागातल्या गाठीही काढायच्या असतील तर धोका चांगलाच वाढतो. दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन आणि छातीत उतरलेला मोठा गलगंड याच रांगेत. ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करण्याचा आजार, असलेल्या पेशंटची गोष्ट थोडी वेगळी: थायरॉइड जोरात असताना महिनोन्‌महिने हाडांतून कॅल्शियम झिरपत असतं, ती काढली की हाडं ते अधाशासारखं परत ओढून घेतात, आणि पॅराथायरॉइड ठणठणीत असूनही रक्तातलं कॅल्शियम कोसळू शकतं. अशा वेळी पीटीएचचा चांगला आकडा फसवतो.

व्हिटॅमिन डीची कमतरता हा धोका आधी दुरुस्त करता येतो. पुण्यात बारा महिने ऊन असूनही ती सर्रास आढळते. ऑफिसात दिवस जातो, आणि उन्हात निघालो की स्कार्फ, सनकोट, हातमोजे. ऑपरेशनची तारीख तीन-चार आठवडे पुढची असेल तर डी तपासून भरून काढायला तेवढा वेळ पुरतो. मॅग्नेशियमही बघून घ्यावं. ते फार उतरलं तर पॅराथायरॉइड पीटीएच सोडायलाच तयार होत नाहीत, आणि कितीही कॅल्शियम दिलं तरी आकडा हलत नाही. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे दिसतं.

टेबलावर सर्जन काय करू शकतो? मुख्य म्हणजे ग्रंथी ओळखून जागच्या जागी, रक्तवाहिनीसकट राखणं. एखादीचा रक्तपुरवठा तुटलाच तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत पेरतात. ती रुजून काम करायला काही आठवडे लागतात. इन्फ्रारेडजवळच्या प्रकाशात या ग्रंथी आपोआप उजळतात, हे अलीकडच्या काळात कळलं, आणि त्यावरचे कॅमेरे आता मिळतात. माझं मत विचाराल तर कॅमेरा आहे का यापेक्षा सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतो हा प्रश्न आधी विचारावा.

लक्षणं आणि तो फोन

“मॅडम, आईला ओठांभोवती मुंग्या येतायत. काही खाल्लं नाहीये दोन दिवस नीट, अशक्तपणा असेल ना?”

असे फोन नेहमीचे आहेत आणि बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी येतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, ही कॅल्शियम उतरल्याची पहिली वर्दी. मग पोटऱ्यांत गोळे. त्यानंतर हात आखडतो: अंगठा आत, बाकीची बोटं ताठ एकमेकांना चिकटलेली, मनगट वाकलेलं. एकदा पाहिलेला तो हात विसरता येत नाही. हेच वॉर्डात मुद्दाम तपासता येतं. दंडाला बीपीचा पट्टा बांधून वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त फुगवायचा आणि तीन मिनिटं तसाच ठेवायचा. कॅल्शियम कमी असेल तर हात त्याच पद्धतीने आखडतो. कानासमोर गालावर टिचकी मारून ओठ फडकतो का हेही बघतात, पण तो धडधाकट माणसांतही काही जणांचा फडकतो, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये.

मुंग्या आल्या की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, आणि त्या श्वासाने रक्तातलं कामाचं कॅल्शियम आणखी खाली जातं, मुंग्या वाढतात. त्यामुळे “उगाच घाबरतेय ती” हे शेजारच्या काकांचं निदान अर्धवट बरोबर असूनही कामाचं नाही. मुंग्या नुसत्या भीतीने की कॅल्शियमने, हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

काय करायचं? डिस्चार्जच्या कागदावर मुंग्या आल्या तर किती गोळ्या जास्त घ्यायच्या ते लिहिलेलं असायला हवं. लिहिलं नसेल तर तिथेच थांबून लिहून घ्या. त्याप्रमाणे गोळ्या घ्यायच्या, चावून घेतल्या तरी चालतात. अर्ध्या-एक तासात फरक पडला नाही तर रक्त तपासायला निघायचं. हात आखडला, घशात आवळल्यासारखं होऊन श्वास घेताना आवाज येऊ लागला, झटका आला, छातीत धडधडलं, तर गोळ्यांचा विचारच नको. जवळचं हॉस्पिटल गाठा किंवा 108ला फोन करा. ऑपरेशन जिथे झालं तिथेच जाण्याचा हट्ट धरू नका. ‘थायरॉइड काढलीय, कॅल्शियम कमी झालं असेल’ हे एक वाक्य ज्याला सांगता येतं, त्याच्यावर कुठल्याही तालुक्याच्या गावी उपचार सुरू होऊ शकतात. तिथे दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू, साधारण दहा मिनिटांत, ईसीजीवर नजर ठेवून देतात. याचा असर दोन-तीन तासांचा, कारण दहा मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये कॅल्शियम असतं फक्त 93 मिलिग्रॅम. म्हणून गरज लागली तर पुढे ड्रिप चालू ठेवतात.

गोळ्यांचं वेळापत्रक

घरी न्यायच्या औषधांत दोन गोष्टी असतात. पहिली कॅल्शियम. कॅल्शियम कार्बोनेटच्या 1250 मिलिग्रॅममध्ये खरं कॅल्शियम 500 मिलिग्रॅम असतं. पाकिटावर कुठला आकडा छापलाय ते बघा. दिवसाला साधारण 1 ते 3 ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, जेवणाबरोबर. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांना कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं.

दुसरी गोष्ट कॅल्सिट्रिऑल, आणि इथेच घोटाळा होतो. “आमच्याकडे डीची 60,000ची पुडी आहे, तीच देऊ का?” असं विचारणारे दर आठवड्याला भेटतात. पुडीतलं व्हिटॅमिन डी कच्चं असतं. त्याला कामाचं रूप देण्याचं काम पीटीएचच्या सांगण्यावरून मूत्रपिंड करतं, आणि नेमकं पीटीएचच गायब आहे. कॅल्सिट्रिऑल आधीच कामाच्या रूपात असल्याने एक-दोन दिवसांत परिणाम दाखवतं. नेहमीचा डोस 0.25 ते 0.5 मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. व्हिटॅमिन डीच्या आधाराशिवाय आतडं खाल्लेल्या कॅल्शियमचा अगदी थोडा भाग शोषतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या वाढवत राहिलं तर वाढते ती बद्धकोष्ठता.

थायरॉइडची गोळी पहाटे अनशापोटी आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी. दोन्ही बरोबर घेतल्या तर कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं. पहाटे सहाला थायरॉइड, सकाळचा नाश्ता कॅल्शियमविना, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, हे बहुतेक घरांत जमतं. लोहाच्या गोळीलाही कॅल्शियमपासून लांब ठेवा.

मग येते आजी. दूध वाढवा, नाचणीचं सत्त्व द्या, तिळाचे लाडू करा. आजीचं चुकत नाही, फक्त हिशेब पुरत नाही. शंभर मिलिलिटर दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम; दोन ग्रॅमची भरपाई दुधातून करायची तर दिवसाला दीड लिटरच्या वर दूध प्यावं लागेल. मुळशी-वेल्ह्याकडची नाचणी शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास देते, पण तिच्यातलं सगळं अंगी लागत नाही. शिवाय पीटीएच नसलं की रक्तातलं फॉस्फेट चढतं, आणि दुधात फॉस्फेटही भरपूर असतं. नाचणीची भाकरी आवडते म्हणून जरूर खावी. गोळीच्या जागी नको.

सरसकट सगळ्यांनाच गोळ्या देऊन टाकाव्यात का, यावर डॉक्टरांत दोन तट आहेत. पीटीएच चांगलं असलेल्या, पुण्यातच राहणाऱ्या, फोन उचलणाऱ्या पेशंटला मी उगाच गोळ्यांनी भरवणार नाही. गाव दीडशे किलोमीटरवर असेल तर पीटीएच 15च्या वर असलं तरी आठवडा-दोन आठवडे कॅल्शियम देऊन पाठवेन. यात शास्त्राइतकाच रस्त्याचा विचार आहे.

गोळ्या सुरू करण्याइतकंच त्या उतरवणं महत्त्वाचं, आणि हे काम वारंवार राहून जातं. ग्रंथी सावरतात, पीटीएच परत येतं, आणि पेशंट मात्र “बंद करू नका असं सांगितलं होतं” म्हणून जुनाच डोस घेत राहतो. मग कॅल्शियम उलट दिशेने चढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, सुस्ती, लघवी जास्त, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. सुरुवातीला आठवड्याला, मग दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासून डोस पायरीपायरीने कमी करायचा असतो. सहा महिन्यांनंतरही पीटीएच उठलं नाही तर त्याला कायमची कमतरता म्हणतात. काही तज्ज्ञ वर्षभर थांबतात, कारण उशिरा सावरणारेही असतात.

कायमचा प्रश्न असलेल्यांनी कॅल्शियमचा आकडा मधोमध आणण्याचा नाद सोडावा. तो नॉर्मलच्या खालच्या टोकाशी किंवा जरा खाली, पण मुंग्या नाहीत, असा ठेवतात. पीटीएच नसताना मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, त्यामुळे रक्तातला आकडा जितका वर तितकं लघवीतून जास्त जातं आणि खडे होतात. पीटीएचच्याच धर्तीवरचं पॅलोपेगटेरिपॅराटाइड हे रोज घ्यायचं इंजेक्शन युरोपात 2023मध्ये आणि अमेरिकेत 2024मध्ये मंजूर झालं. आपल्याकडच्या बहुतेकांची मदार अजून कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑलवरच आहे. त्यांनी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) दर काही महिन्यांनी बघावं, आणि अधूनमधून 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही. त्यासाठी लॅब मोठा कॅन देते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढची सगळी त्यात, दुसऱ्या सकाळची पहिली धरून. ही तपासणी रविवारी सुरू करा. ऑफिसात तो कॅन कुणी नेत नाही, आणि मग मधलं एखादं भांडं गाळलं की सगळा हिशेब चुकतो.